भालेराव साहेबांचा आवाज

आमच्या घराचं पोट आवाजावर चालायचं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, बसस्टँडवर उद्घोषक होते. काचेच्या खोपट्यात बसून दिवसभर माईकवर सांगायचे, 'सिल्लोडमार्गे सोयगावला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे.' घरी आले तरी तो आवाज उतरायचा नाही. जेवायला बसले की स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायचे, 'भाकरी अद्याप ताटात लागलेली नाही, संबंधितांनी नोंद घ्यावी,' आणि आई आतून ओरडायची, 'गाडीला उशीर हाय, बसा गपचूप!' मुकुंदवाडीतलं आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर विमानतळाच्या इतकं जवळ होतं की विमान वरून गेलं की मांडणीवरची ताटं कुजबुजायला लागायची. आई येसराची आमटी उकळत ठेवून तव्यापाशी बसलेली असायची. लांबून घरघर आली की ती आधी आमटीवर झाकण दाबायची, कारण पत्र्याखालची धूळ नेमकी तेव्हा खाली यायची. विमान गेलं की झाकण काढायची, एक घोट चाखायची आणि विमानाला एक ठेवणीतली शिवी द्यायची. त्या विमानांच्या पोटात हात घालण्याचं काम आपला मुलगा पुढं करणार आहे हे तिला माहीत असतं, तर ती शिवी तिनं जरा सौम्य दिली असती.

अण्णांकडून मला आवाज आला, पण त्यांची शिस्त आली नाही. ते एकच आवाज काढायचे, मी सगळ्यांचे काढायचो. गल्लीतला शिंपी, शाळेतले गणिताचे गुरुजी, पाहुण्यांसमोर गोड आणि पाहुणे गेल्यावर कडू होणारी माझी मावशी, वेरूळला परदेशी माणसांना लेणी समजावून सांगणारा गाइड. लोक हसून लोळायचे. माणूस एकदा ऐकला की तो माझ्या घशात मुक्कामाला यायचा. लोकांना हसवण्याची चटक काय असते हे ज्याला लागली त्यालाच कळतं. मला ती लई लागली होती. अजूनही गेलेली नाही, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात आलंच असेल.

विमानदुरुस्तीचं शिक्षण संपवून मी चिकलठाण्याच्या एका फ्लाइंग स्कूलच्या हँगरमध्ये तंत्रज्ञ म्हणून लागलो. ती शाळा आता नाही. पाच छोटी विमानं होती, दोन माणसं बसतील एवढी, एकेक पंख असा की वाटावं आत्ता फडफडेल. माझ्याबरोबर लागलेला रफीक माझा जिवलग. त्याच्या डब्यात शुक्रवारी नान-खलिया असायचा आणि माझ्या डब्यात बाराही महिने भाकरी आणि ठेचा. आम्ही डबे बदलायचो. रफीकला ठेच्यानं घाम फुटायचा, तरी तो खात राहायचा आणि म्हणायचा, 'तेरी अम्मी जान लेके मानेगी एक दिन.' मी त्याच्या अम्मीचा रस्सा बोटानं पुसून खायचो.

आणि आमच्यावर होते भालेराव साहेब. बिडकीनचे. त्यांच्या वस्तीतले पहिले परवानाधारक विमान अभियंता. परवाना मिळाला तेव्हा वस्तीतल्या विहारात त्यांचा सत्कार झाला होता, आणि त्यात मिळालेली शाल त्यांनी केबिनच्या कपाटात घडी घालून ठेवलेली असायची. हँगरच्या एका कोपऱ्यात पत्र्याचं पार्टिशन घालून केलेली ती केबिन. पलीकडं कुणी शिंकलं तरी आत ऐकू यायचं. वय पस्तिशीचं, पण चाल साठीतल्या माणसाची, कारण ते प्रत्येक पाऊल बघून टाकायचे. जमिनीवर पडलेला एखादा स्क्रू दिसला की तो कुठल्या विमानाचा हे ठरेपर्यंत कुणाला जेवू द्यायचे नाहीत.

विमानाचं सुकाणू जिथं जिथं उघडलं जातं, तिथं काम करणाऱ्या माणसाची तपासणी चालत नाही. ज्यानं कामाला हात लावलेला नाही अशा दुसऱ्या माणसानं ती पहिल्यापासून करायची आणि मग कागदावर दुसरी सही करायची. आमच्याकडं ती सही भालेराव साहेबांची. पंखाच्या मागच्या कडेला एक हलती फळी असते, एलेरॉन म्हणतात तिला. वैमानिकानं दांडा उजवीकडं नेला की उजव्या पंखाची फळी वर जायला हवी आणि डावीची खाली, तेव्हा विमान उजवीकडं कलतं. साहेब पंखापाशी उभे राहायचे, कॉकपिटमधल्याला हुकूम द्यायचे, आणि फळीवर तळहात ठेवून जे दिसतंय ते मोठ्यानं बोलायचे. नाकातून येणारा, लांबवलेला आवाज. 'उजवीकडं घे रेऽऽ... उजवी वऽऽर. डावी खाऽऽली. मध्ये आऽऽण. आता डावीकडं घे...' अख्ख्या हँगरला ऐकू जायचं. बोलल्याशिवाय डोळा बघत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता मला सांगा, असा आवाज देवानं माझ्यासमोर आणून उभा करावा आणि मी गप्प बसावं? दोन आठवड्यांत भालेराव साहेब माझ्या घशात उतरले. ते केबिनमध्ये नसले की डबे उघडल्यावर फर्माईश व्हायची. मी भाकरी उचलून म्हणायचो, 'भाकरी वऽऽर. ठेचा खाऽऽली. तोंड मध्ये आऽऽण.' रफीक जमिनीवर लोळायचा. साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. एवढी एक काळजी आम्ही घेत होतो. सुरक्षिततेच्या बाबतीत आम्ही घेतलेली ती सर्वांत कडक काळजी असावी.

त्या दिवशी मी आणि रफीकनं एका विमानाच्या एलेरॉनच्या तारा बदलल्या होत्या. जुन्या झिजल्या होत्या. नव्या दोन तारा दिसायला सारख्या, शेजारून जाणाऱ्या, आणि त्यांना अडकवायची जागा अशी की हात आत गेला की डोळा बाहेर राहतो. आम्ही दोघं बोलत होतो, हसत होतो, आणि आम्ही त्या उलट अडकवल्या. हे आम्हाला माहीत नव्हतं. माहीत व्हावं म्हणूनच तर दुसरी तपासणी असते.

भालेराव साहेब आले. डोळे लाल. त्यांची बायको बाळंतपणाला दवाखान्यात होती, अडलं होतं, आणि दोन रात्री ते बाकावर बसून काढून सकाळी कामावर येत होते. आम्ही म्हणालो, 'साहेब, सुट्टी घ्या ना.' ते म्हणाले, 'माझ्याऐवजी सही कोण करणार? तू?' आणि पहिल्यांदाच जरा हसले. मी कॉकपिटमध्ये बसलो, दांड्यावर हात ठेवला. रफीक डाव्या पंखापाशी. साहेबांनी उजव्या फळीवर तळहात ठेवला, तोंड उघडलं, आणि ऑफिसमधल्या कुलकर्णी बाईंनी केबिनच्या दारातून हाक मारली, 'भालेराव साहेब, दवाखान्यातून फोन! लवकर या!'

'थांबा, आलोच,' म्हणून ते पळाले. त्यांना पळताना मी पहिल्यांदा बघितलं.

आता बघा, मी कॉकपिटमध्ये बसलेलो आहे. दांडा हातात आहे. हँगरच्या दाराशी सहा-सात जण जेवण उरकून चुळा भरताहेत. रंगमंच तयार, प्रेक्षक तयार, मुख्य नट आत गेलेला. माझ्या आयुष्यात एवढी तयार बाजी पुन्हा कधी समोर आली नाही. मी दांडा उजवीकडं नेला आणि नाकातून आवाज काढला, 'उजवी वऽऽर. डावी खाऽऽली.' दाराशी हसू फुटलं. 'मध्ये आऽऽण. रफीकमियाँ, तळहात फळीवर ठेवलाय की खिशात?' रफीक पोट धरून वाकला आणि ओरडला, 'ठेवलाय, साहेब!' मी सगळी तपासणी केली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता. मी म्हणत होतो उजवी वर, आणि माझ्या उजव्या हाताला, मान वळवली असती तर काचेतून दिसली असती अशी, उजवी फळी खाली जात होती. एकानंही बघितलं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते आणि मी सगळ्यांकडं.

पाच मिनिटांनी साहेब बाहेर आले ते रडत आणि हसत. 'मुलगी झाली,' म्हणाले. 'दोघी बऱ्या हायेत.' आम्ही त्यांना मिठ्या मारल्या. कुणीतरी त्यांना दवाखान्यात सोडायला मोटारसायकल काढली. जाता जाता त्यांनी टेबलावरचा तपासणीचा कागद ओढला, खिशातलं पेन काढलं आणि दुसऱ्या सहीच्या जागी सही केली.

मी बघितलं. मी चार हातांवर उभा होतो. माझ्या तोंडात वाक्य आलं होतं, 'साहेब, तपासणी राहिली ना?' पण ते बोलायचं म्हणजे साहेबांचा पुढचा प्रश्न येणार, 'मग मी आतून ऐकला तो आवाज कुणाचा?' आणि मग मला सांगावं लागणार की आम्ही रोज जेवताना तुमची नक्कल करतो. मुलगी झालेल्या माणसाला हे आत्ता कशाला? शिवाय तारा आम्हीच लावल्यात, चुकतील कशाला? असं सगळं माझ्या मनातून जायला फारतर दोन श्वास लागले असतील. तेवढ्यात ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विमान एक प्रशिक्षक आणि एक विद्यार्थिनी घेऊन निघालं. उडण्याआधी त्यांनीही दांडा हलवला, पण फळ्या हलताहेत एवढंच बघितलं, कुठं हलताहेत ते नाही. जमीन सोडल्याबरोबर वाऱ्यानं डावा पंख खाली गेला. प्रशिक्षकानं दांडा उजवीकडं नेला. विमान आणखी डावीकडं कललं, पंखाचं टोक जमिनीला लागलं आणि सगळं गवतात जाऊन गरकन फिरलं. मला हँगरमध्ये फक्त एक बोथट आवाज ऐकू आला, कुणीतरी धान्याचं पोतं टाकल्यासारखा. दोघंही जगले. विद्यार्थिनीचा हात दोन जागी मोडला होता. ती पुन्हा कधी विमानात बसली नाही, असं नंतर कळलं.

घरी आईनं विचारलं, 'जेवत का नाहीस?' मी सांगितलं. अण्णा हात धुवायचे थांबले. 'त्यात तुझा काही हात?' मी म्हणालो, 'तारा आम्ही लावल्या होत्या. पण तपासणी साहेबांची होती.' अण्णांनी अर्धवट धुतलेले हात तसेच पुसले. एकदा त्यांनी पैठणची गाडी चुकीच्या फलाटावर सांगितली होती आणि गाठोडी घेऊन म्हाताऱ्या पळाल्या होत्या. तेव्हा ते माईकवर तीनदा 'माझी चूक झाली' म्हणाले होते आणि मग खोपट्यातून उतरून स्वतः गाठोडी उचलायला गेले होते. घरी आम्ही हा किस्सा विनोद म्हणून सांगायचो. त्या संध्याकाळी त्यांनी तो काढला नाही, मीही नाही.

चौकशीच्या आदल्या दिवशी रफीक डबा न उघडता बसला होता. 'बोल देते यार,' तो म्हणाला. 'दोनों मिलके. तू आवाज निकाला, मैं हाँ बोला. साहेबको लगा होगा, चेक हो गया.' मी त्याला जे भाषण दिलं ते माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण होतं. तारा उलट लागल्या ही चूक आपण कबूल करणारच आहोत, मी म्हणालो. ती चूक आहे, कुणाकडूनही होते. पण नक्कल? नक्कल म्हणजे थट्टा. कामावर थट्टा करताना विमान पडलं, हे ऐकल्यावर आपल्याला कुठल्याही हँगरच्या दारात उभं करणार नाहीत. आणि साहेबांनी न बघता सही केलीच ना? ते तर खरंच आहे ना? रफीक ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, 'तेरे से बोलनेमें कोई नहीं जीतता, दिगू.' पुढं तो आखातात गेला. ईदला त्याचा फोन येतो. आम्ही दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

चौकशी अधिकारी सभ्य माणूस होता. त्यानं भालेराव साहेबांना विचारलं, 'तुम्ही दुसरी तपासणी केली होती?' साहेब म्हणाले, 'केली होती.' 'नक्की?' साहेबांनी कपाळ चोळलं. 'मी फळीवर हात ठेवला ते आठवतंय. मग फोन आला. पण तपासणी झाली, साहेब. मला माझा आवाज आठवतोय. उजवी वर, डावी खाली, सगळं आठवतंय. मी कानानं ऐकलंय.' अधिकाऱ्यानं माझ्याकडं वळून विचारलं, 'फोननंतर भालेराव विमानापाशी परत आले होते का?'

मी म्हणालो, 'नाही.'

हे खरं होतं. माझ्या आयुष्यात मी इतकं नेमकं खरं क्वचितच बोललो असेन. आवाज कुणाचा, हे मला कुणी विचारलं नाही. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. त्यात राग नव्हता. आपल्या डोक्यात काय चाललंय हे न कळलेल्या माणसाची ती नजर होती. अहवालात लिहिलं गेलं, वैयक्तिक निष्काळजीपणा आणि चौकशीत दिशाभूल करणारं विधान. तारा उलट लावल्याबद्दल मला आणि रफीकला लेखी ताकीद मिळाली. साहेबांचा परवाना गेला. केबिन रिकामी करताना त्यांनी कपाटातली शाल पिशवीत घातली आणि गेले. दोषी माणूस सापडला, फाइल बंद झाली, आणि हँगरमध्ये काहीही बदललं नाही. सुकाणूची तपासणी चालू असताना फोन आला तर माणसं तशीच पळत राहिली, आणि परत येऊन आठवणीवर सही करत राहिली. अडवायला कुणी उरलं नव्हतं.

आता मी विमानदुरुस्तीत माणूस कसा चुकतो हेच शिकवतो. हसू नका. मी चांगला शिकवतो. मधेच हाक आली तर परत आल्यावर पहिल्यापासून सुरू करा, हे सांगताना मी असा धावत वर्गाबाहेर जातो आणि गोंधळून परत येतो की मुलं बाकं वाजवतात. रोज केलेल्या कामाची आठवण कशी फसवते, दोन रात्री न झोपलेल्या माणसाच्या हाती पेन का देऊ नये, आणि एकाला दोषी ठरवून सुटलो की कारण कसं जागेवरच राहतं, हे सगळं मी इतरांच्या गोष्टींतून सांगत आलो. परवा एका मुलीनं शेवटच्या बाकावरून विचारलं, 'सर, तुमची स्वतःची सगळ्यात मोठी चूक कोणती?' मी नेहमीचा किस्सा सांगितला, इंजिनात विसरलेल्या पान्याचा, अर्धा खरा, अर्धा तिखटमीठ लावलेला. वर्ग हसला. ती हसली नाही. वहीत लिहून घेत होती. माझं खोटं ती वहीत उतरवून घेतेय, हे मला सहन झालं नाही.

येत्या रविवारी, येत्या रविवारी करत तीन रविवार घालवले आणि मग बिडकीनला गेलो. दार एका तिशीतल्या बाईनं उघडलं. तिचं वय मला विचारावं लागलं नाही. तिचा जन्म झाला ती दुपार मला मिनिटासकट पाठ आहे. भालेराव साहेब आत खुर्चीत होते. वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले, वाळलेले, पण पाठ ताठ. त्यांनी मला लगेच ओळखलं. मी वाटेत सगळं पाठ करून गेलो होतो, कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा. सुरुवात केली तसे ते म्हणाले, 'दिगंबर, सरळ सांग. काय झालंय?'

मी सरळ सांगितलं. चार वाक्यांत झालं. तीस वर्षं मी चार वाक्यं वाहत होतो.

मुलगी दारात चहाचे कप घेऊन उभी राहिली होती, ती तशीच राहिली. मग साहेब म्हणाले, 'म्हंजी आवाज होता.'

'होता, साहेब.'

'मी फोनवर असताना. पार्टिशनच्या पलीकडून.'

'व्हय, साहेब.'

'मला वाटलं, माझ्या डोक्यातच वाजला,' ते म्हणाले. 'मग मी डोक्यावर भरवसाच ठेवला नाय कधी.' मुलगी हळूच म्हणाली, 'अजून बाहेर पडताना गॅस चारदा बघतात. अर्ध्या रस्त्यातून परत येतात.' मी म्हणालो, साहेब, मी लिहून देतो, जिथं म्हणाल तिथं येऊन सांगतो. त्यांनी हात हलवला. 'सही माझीच होती. ती तुझ्यावर टाकता येत नाय. न बघता केली, परवाना गेला, ते बरोबरच झालं. पण मी खोटं बोललो नव्हतो.'

'नाही, साहेब.'

त्यांनी मुलीकडं बघितलं, मग भिंतीवरच्या फोटोकडं. त्यांच्या बायकोचा फोटो, ताजा हार घातलेला.

'हिला मी दर वेळी सांगायचो, मी ऐकलं होतं गं,' ते म्हणाले. 'ही म्हणायची, हो. ऐकलं असंल. मला बरं वाटावं म्हणून म्हणायची, ते मला कळायचं.' त्यांनी चहाचा कप हातात घेतला, पण प्याले नाहीत. 'मागच्या उन्हाळ्यात गेली. त्याच्या आधी यायचं होतंस.'